तांबडी वही

माझ्या उजव्या मनगटाच्या वर, आतल्या बाजूला दातांच्या खुणा आहेत. सहा होत्या, आता निरखून पाहिलं तर चार दिसतात. एसटीत उभं राहून वरचा दांडा धरला की बांगड्या खाली सरकतात आणि शेजारची बाई विचारते, "कुत्रं चावलं का हो?" मी हो म्हणते. पहिलीतलं पोरगं चावलं म्हणून सांगितलं तर पुढचे चार थांबे तोच विषय चालतो, आणि शेवटही ठरलेला असतो. "आमच्या वेळचे गुरुजी असते ना, तर एक ठेवून दिली असती."

गुरुजींनी ठेवून दिलेल्या मी पाहिल्यात आणि खाल्ल्यातही. त्याकडे येतेच.

शाळा बीड जिल्ह्यातली, बालाघाटच्या डोंगरातली, जिल्हा परिषदेची. द्विशिक्षकी. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी सरांकडे, पट त्रेचाळीस. पावसात गळणारी एक खोली, न गळणारी एक, पुढे व्हरांडा आणि व्हरांड्यासमोर कडुलिंबाचं झाड. घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा तुकडा, तारेनं टांगलेला. शेजारी खिळ्याला लोखंडी टोला अडकवलेला. शाळेच्या मागे कुणाच्या तरी शेतातली विहीर, कठडा अर्धाच बांधलेला. ही सगळी यादी मला तेव्हा नुसती शाळा वाटायची. कोणती वस्तू कुणाच्या डोक्यात बसू शकते या नजरेनं मी तिच्याकडे पाहिलंच नव्हतं.

दसरा झाला की आमचं गाव रिकामं व्हायला लागतं. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, ती फेडायची असते. ट्रॅक्टर येतो, ट्रॉलीत भांडीकुंडी, सरपण, शेळी, तान्ही पोरं चढतात आणि जोडपी कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जातात, पश्चिम महाराष्ट्रातल्या नाही तर कर्नाटकातल्या साखर कारखान्यांना. परत यायला मार्च-एप्रिल. मागे म्हातारी माणसं आणि शाळेत नाव असलेली मुलं. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृह चालतं, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं जेवण मिळतं. रात्री मुलं आपापल्या आजीच्या कुशीत.

त्यातलाच एक. त्याला इथं बारक्या म्हणते. वय सहा पूर्ण, सातवं लागलेलं. अंगानं काडी. जून ते ऑक्टोबर त्यानं तीन-चार वेळा मारामारी केली होती, पण ती पहिलीत कोण करत नाही? दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरली आणि तो वेगळाच मुलगा होऊन आला. पाटीची कड, दगड, डोकं, दात, जे हाताशी येईल ते.

खिचडीची रांग होती. मागच्या पोरानं त्याला ढकललं, नेहमी ढकलतात तसं. बारक्या वळला आणि स्टीलचं ताट त्या पोराच्या तोंडावर आडवं मारलं. मी ओरडत पळत गेले. पाठीमागून त्याचं मनगट धरलं आणि जोरात ओढलं. चाळीस पोरं गोल करून उभी. मी वरून वाकून त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन विचारतेय, "का मारलंस? सांग, का मारलंस?" त्यानं उत्तर म्हणून माझा हात तोंडात धरला. मी घाबरून हिसडा दिला. नुसत्या दातांनी झालं नसतं इतकं कातडं त्या हिसड्यानं फाटलं.

आणि मी डावा हात उचलला होता. हे मी बरीच वर्षं कुणाला सांगितलं नाही. तो हात खाली आला तो कायदा आठवला म्हणून नाही. उजव्यातून रक्त गळत होतं, ते धरायला लागलं म्हणून.

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनं साबण लावून नळाखाली हात धरायला लावला, किती वेळ ते घड्याळात बघून. मग धनुर्वाताचं टीटी इंजेक्शन, मग गोळ्या. "माणसाचं चावणं साधं समजू नका मॅडम, तोंडात काय कमी जंतू असतात?" तिनं विचारलं, कोण चावलं. मी सांगितलं. तिला हसू आलं, मग माझं तोंड बघून तिनं ते आवरलं. घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात बसून रडले. दुखत होतं म्हणून थोडं, जास्त अपमानानं. बारा वर्षांची नोकरी, आणि सहा वर्षांच्या पोरानं सगळ्या वर्गासमोर आपल्याला हरवलं, असं वाटत होतं. हरण्या-जिंकण्याच्या भाषेत मी विचार करत होते, हे तेव्हा लक्षातही आलं नाही.

पुढच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे आसपासच्या शाळांच्या शिक्षकांच्या बैठकीत, हाताची पट्टी बघून सगळ्यांनी आपापलं मत दिलं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद केले, तेव्हापासून आमच्या बैठकांत एक वाक्य फिरतं: "छडी गेली, आता मार खायची पाळी आपली." हशा होतो. मीही हसत आले होते. पण छडी होती तेव्हाचं मला आठवतं. आमच्या वर्गात एक मुलगा होता, सगळ्यांना बुकलायचा. गुरुजी त्याला सगळ्यात जास्त मारायचे, त्यामुळे तो आम्हाला सगळ्यात जास्त मारायचा, आणि पाचवीत शाळा सोडून कोयत्यावर गेला. छडीला घाबरून गप्प बसायचो ते आम्ही, जे एरवीही कुणाला मारणार नव्हतो. ज्याच्यासाठी छडी होती त्याच्यावर ती कधीच चालली नाही.

तरी कायद्याबद्दल माझी एक तक्रार आहेच. काय करायचं नाही ते त्यानं सांगितलं. काय करायचं ते कुणीच सांगितलं नाही. डी. एड.ला, आदिवासी मुलांसाठी शाळा काढणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांवर मी उत्तर लिहिलं होतं, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच भरवलेल्या त्यांच्या कुरणशाळेवर तर दहा गुणांचं. बोर्डी, कोसबाड ही त्यांच्या कामाची गावं, सगळं पाठ. मूल चावलं तर हात कसा सोडवायचा, यावर एका गुणाचा प्रश्न कधी आला नाही. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, असं कायद्याचं कोष्टक सांगतं. आमचा हिशेब त्यात बसतो. त्या हिशेबात चावणारं मूल धरलेलं नाही, एवढंच.

शिकवलं ते गट साधन केंद्रातल्या, म्हणजे शिक्षकांना मदत करणाऱ्या तालुक्याच्या केंद्रातल्या, विशेष शिक्षकानं. हा माणूस दिव्यांग मुलांसाठी मोटरसायकलवर गावोगाव फिरतो, आमच्याकडे महिन्या-दोन महिन्यांनी कधीतरी उगवतो. पट्टी बघून त्यानं सहानुभूती वगैरे दाखवली नाही. आमच्या सरांना म्हणाला, "सर, माझे केस धरा. धरा की, लाजू नका." सरांनी बिचकत केस धरले. "ओढा." सरांनी ओढले. त्यानं शांतपणे आपले दोन्ही तळवे सरांच्या मुठीवर ठेवले आणि मूठ आपल्याच डोक्यावर दाबून धरली. "आता ओढा." ओढता येईना. मूठ डोक्याला चिकटलेली, केस ताणलेच जात नव्हते. "आपण काय करतो? डोकं लांब नेतो. केस उपटतात ते आपल्याच ताकदीनं."

चावण्याचंही तेच म्हणाला. मागे ओढायचं नाही. हात किंचित पुढे, तोंडाच्या दिशेनं न्यायचा, क्षणभर. जबडा आपोआप सैल होतो. नाक दाबायचं नाही, गाल पिळायचे नाहीत. मला हे ऐकून हसायला आलं, कारण शरीर हे ऐकणारच नाही असं वाटलं. त्यानं मला सवय होईपर्यंत व्हरांड्यात करायला लावलं. आपल्याच हातानं आपल्याच मनगटाला चिमटा लावून पुढे ढकलायचं. खिचडी करणाऱ्या मावशी दारात उभ्या राहून बघत होत्या. "मॅडम, कराटे शिकायले का?"

बाकीचं त्यानं बोलता बोलता सांगितलं, मी नंतर आठवून लिहून काढलं. समोर उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं, दीड हातावर. त्याच्यात आणि दारात आपण यायचं नाही. कोंडलेलं मांजर आणि कोंडलेलं पोर सारखंच. वाकायचं नाही, बसायचं, पण पटकन उठता येईल असं. आवाज खाली. दोनच शब्द, फार तर तीन. "मी इथंय." "दगड खाली." त्या वेळी का, कशाला, पुन्हा करशील का, यातलं काही विचारायचं नाही, कारण ऐकणारं कुणी आत जागेवर नसतं. धरायचं ते एकाच वेळी: तो विहिरीकडे पळाला किंवा कुणाचं डोकं फुटणार असेल तर. तेही धोका टळेपर्यंत, टळला की सोडायचं. आणि पालथं पाडून पाठीवर बसायचं तर कधीच नाही, श्वास कोंडून पोर जिवानिशी जाऊ शकतं. हे सांगताना त्याचा आवाज बदलला. मी पुढे विचारलं नाही.

जाताना म्हणाला, "आणि मॅडम, त्याला हलवता येत नसेल तर बाकीच्यांना हलवा. प्रेक्षक नसले की तमाशा लवकर मोडतो."

यातून तांबडी वही निघाली. जुनी हजेरीची वही, तांबड्या पुठ्ठ्याची. ती वही घेऊन दुसरीतली कुणीही सरांच्या वर्गात गेली की सरांनी काही न विचारता यायचं. त्याच वेळी वर्गातल्या दुसऱ्या एका मुलीनं "चला झाडाखाली" म्हणायचं आणि सगळ्यांनी लिंबाखाली जाऊन गाणी सुरू करायची. आम्ही हे खेळासारखं आठवडाभर घेतलं, काहीही घडलेलं नसताना. बारक्यालाही त्यात घेतलं. त्याला तो खेळ फार आवडला, सगळ्यांच्या आधी झाडाखाली तोच पोचायचा. पहिल्यांदा खरी वेळ आली तेव्हा त्याच्या हातात पाटी होती, वर्ग झाडाखाली गेला, आणि तो मध्येच थांबून खिडकीतून बाहेर बघायला लागला. सगळे गेले आणि मीच का इथं, असं काहीसं. पाटी त्यानं तरीही फेकली. भिंतीवर.

टोला मी कपाटात ठेवला. कात्र्या, कंपासपेट्या सरांच्या खोलीत. अंगणातले दगड आम्ही परिपाठाच्या आधी वेचायचो, श्रमदान म्हणून. आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारे केंद्रप्रमुख आले आणि घंटा द्यायला टोला सापडेना. कारण सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की पोराऐवजी मलाच तपासायला न्यावं.

वहीच्या मागच्या पानांवर मी लिहायला लागले. कधी झालं, आधी काय चाललं होतं, शेजारी कोण होतं, किती वेळानं निवळलं. कुणाला उद्या विचारलं तर आपल्याकडे कागद असावा, हा खरा हेतू, म्हणजे स्वतःला वाचवण्याचा. पण तीन आठवड्यांनी पानं पुन्हा वाचली तर गोष्टी आपोआप वर आल्या. जवळजवळ प्रत्येक वेळी कुणीतरी मागून हात लावलेला होता, आणि बहुतेक वेळा डावीकडून. सोमवारी सगळ्यात जास्त.

सोमवारचं लवकर उलगडलं. रविवारी रात्री आईचा फोन यायचा, उसाच्या फडाजवळच्या कोपीवरून, म्हणजे त्यांच्या झोपडीतून. आजी सांगायची, फोनवर तो काही बोलत नाही, नुसता कानाला लावून बसतो, आणि फोन ठेवला की ताट लाथाडतो. मला वाटलं होतं आईशी बोलणं झालं की पोर निवळेल. वहीत उलटं दिसत होतं. मग आम्ही असं ठरवलं की आईनं बोलून पाठवायचं, आणि ते शनिवारी शाळा सुटल्यावर माझ्या मोबाइलवर लिंबाखाली ऐकवायचं. दीड दिवस त्याला ते मुरवायला मिळायचा. आवाजाच्या मागे ट्रॅक्टर, कुणाचं तरी खोकणं. तो तोच निरोप चार-चारदा लावायला सांगायचा.

डावीकडचं मात्र मला उलगडलं नाही, ते आरोग्य पथकाला कळलं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी शाळेत तपासणीला येते, २०१३ पासूनची ही योजना. डॉक्टरनं त्याच्या डाव्या कानात बॅटरी धरली आणि नाक मुरडलं. कान फुटलेला होता, कधीपासून कोण जाणे. त्या बाजूनं त्याला जवळजवळ ऐकूच येत नव्हतं. मागून, डावीकडून येणारं पोर त्याच्यासाठी अचानक हवेतून अंगावर पडत होतं. आणि मी त्याला डावीकडूनच हाका मारत होते, तो लक्ष देत नाही म्हणून चिडत होते. बीडला जिल्हा रुग्णालयात पाठवलं, औषधं सुरू झाली, नंतर पुन्हा न्यावं लागलं. आजीसोबत मी गेले, एक रजा टाकून.

कान बरा झाला आणि सगळं सुरळीत झालं, असं लिहायला मला आवडलं असतं. कमी झालं, हे खरं. रांगेत तो सगळ्यात शेवटी उभा राहील, त्याच्या मागे भिंत, एवढ्यानंच निम्मं कमी झालं होतं. पण कान वाहायचा थांबल्यावरही त्यानं एका मुलीचं कपाळ पाटीच्या कडेनं फोडलं.

तिच्याबद्दल लिहायचं मी टाळत आले. आत्तापर्यंत या लेखात ती एकदाही आली नाही, आणि वर्गातही तेच झालं होतं. दोन टाके पडले. दुसऱ्या दिवशी ती कपाळाला पट्टी लावून आली आणि मी तिला "दुखतंय का गं" विचारून पुन्हा बारक्याच्या मागे लागले. माझ्या वहीत त्याची अकरा पानं होती, तिची एक ओळ. आठवड्यानं लक्षात आलं की ती दाराजवळ सरकलीय. खिचडी अर्धी टाकते. पूर्वी फळ्यावर लिहायला हट्ट करायची, आता बोलावलं तरी मान हलवते. मारणारा सगळ्यांना दिसत होता. मार खाणारी शहाण्यासारखी गप्प होती, म्हणून बरी वाटत होती.

तिचे वडील आले. ते गावातच राहतात, किराणा आहे. "त्याचं नाव काढून टाका, नाही तर मी पोलिसात जातो." दोन्ही शक्य नव्हतं. आठवी होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. आणि सात वर्षांखालच्या मुलाचं कोणतंही कृत्य गुन्हा ठरत नाही, जुन्या दंड संहितेत तसं होतं, १ जुलै २०२४ पासूनच्या न्याय संहितेतही आहे. मी त्यांना कायदा सांगितला आणि सांगता सांगताच कळलं की हे उत्तर नाही. त्यांना त्याचं नाव काढून नको होतं, त्यांना उद्या पोरगी शाळेत पाठवताना पोटात गोळा यायला नको होता. मी म्हटलं, "दादा, मला पंधरा दिवस द्या. तुमच्या मुलीच्या आणि त्याच्या मध्ये रोज मी असेन. पुन्हा लागलं तर मी स्वतः तुमच्यासोबत व्यवस्थापन समितीपुढे बसते." ते पटलं म्हणून नाही, दमले म्हणून गेले.

तिला मी विचारलं, कुठं बसायचंय. ती म्हणाली, तुमच्या टेबलाजवळ. विचारलं, त्यानं काय करायला हवं. मला वाटलं सॉरी म्हणेल. आम्ही लहान मुलांना सॉरी म्हणायला लावतो, हात मिळवायला लावतो, मग आपलं समाधान होतं. ती म्हणाली, "त्यानं माझ्याकडं बघू नये." एवढंच तिचं मागणं होतं, आणि ते मी मान्य केलं. वर्षभर ती त्याच्याशी बोलली नाही. मी दोघांची दोस्ती करून द्यायच्या भानगडीत पडले नाही. अजूनही वाटतं तेच बरोबर होतं.

आजीला निरोप दर वेळी त्याच दिवशी जायचा, चांगलंही आणि वाईटही. एकदा मी संध्याकाळी घरी गेले, ती भाकरी थापत होती. मी म्हटलं, "आजी, आज पुन्हा केलंय त्यानं." तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "बाई, हाणा की दोन. मी हाणते." मग जरा थांबून, "हाणते अन् मग रातच्याला रडते. त्याचा बाप बी असाच होता. मीच हाणून हाणून मोठा केला. आता तो बायकूवर हात टाकतो." इतक्या सपाट आवाजात तिनं हे सांगितलं की मला बोलायला काही सुचेना. बारक्या चुलीशेजारी बसून सगळं ऐकत होता, उजव्या कानानं.

तिला मी काही शिकवायला गेले नाही. एवढंच म्हटलं की मारावंसं वाटलं तर दारात जाऊन उभ्या राहा, मी पण तेच करते. तिनं चमकून पाहिलं. "तुमाला बी वाटतं?"

"वाटतं की."

तिनं मला भाकरी वाढली, वर लसणाची चटणी. मी बसले.

पुढं त्याची दुसरी बरीच शांत गेली, कोयत्याच्या दिवसांत थोडी डहुळली. तिसरीत तो सरांकडे गेला. माझी ऑनलाइन बदली झाली, दुसऱ्या तालुक्यात. जाताना एका पानावर लिहून दिलं: रांगेत शेवटी, उजवीकडून हाक, सोमवारी सांभाळून, धरायचं नाही. माझ्या जागी आलेली मुलगी पोरसवदा, पहिलीच नेमणूक. तिनं पान घडी घालून पर्समध्ये ठेवलं, वाचेल असं वाटलं नाही.

नोव्हेंबरात तिचा फोन आला, दुपारी, जेवणाच्या सुट्टीत. मागे पोरांचा गलका. आवाज चिरका झालेला, रडून झाल्यावर होतो तसा. मी विचारलं, बारक्या का? "नाही मॅडम. दुसरंच आहे, पहिलीतलं. आई-बाप परवाच गेलेत." मग म्हणाली, "बारक्याच माझ्याकडं आला मघाशी. म्हणतो, मॅडम, तांबडी वही काढा. ती कुठंय?"

मी सांगितलं, लोखंडी कपाटात, वरच्या कप्प्यात, टोल्याच्या शेजारी.